फक्कीची रेघ

आमची जमीन कारखान्यांसाठी घेतली ती कायमची. माझ्या दादाला तुर्भ्याच्या कारखान्यात घेतलं ते मात्र तात्पुरतं. दर काही महिन्यांनी त्याला थोडे दिवस घरी बसवायचे आणि पुन्हा नवा म्हणून घ्यायचे, म्हणजे कायम करायचा प्रश्नच नको. हे मी पत्रकांत इतक्यांदा लिहिलंय की हात आपोआप चालतो. पुढचं मात्र कधीच लिहिलं नाही.

पंच्याऐंशीनंतरची गोष्ट. दादा ताडमाड उंच, म्हणून साहेबांनी त्याला कारखान्याच्या बास्केटबॉल संघात ओढलं. कारखान्यांच्या आपसात स्पर्धा व्हायच्या. अंतिम सामन्याआधी साहेब त्याला म्हणाले, "कप आण, तुझा कायमचा कागद मी स्वतः वर पाठवतो."

मी भडकले. तीन वर्षं मशीन चालवून जे मिळायला हवं होतं, ते आता बॉल टाकून मिळवायचं?

"कसं पन मिलू दे, बाय," दादा म्हणाला. "मिलाल्याशी मतलब."

लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण, हा नियम तेव्हा नवा होता. आमच्याकडच्या सिमेंटच्या कोर्टवर त्याची रेघच नव्हती. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी दादा आमच्या तळवली गावातल्या घरी आला आणि माझ्या खाटेखालच्या ऑइलपेंटच्या डब्याकडे बघत उभा राहिला.

"तेवढा डबा दे. साहेबानी तीनची रेघ मारायला सांगितलीय, आनि ष्टोर बंद."

"तो भिंतीसाठी हाय. उद्या मोर्चाची घोषणा रंगवायचीय."

"अर्धाच तं हाय."

"मंग अर्धीच घोषणा लिहू? तुमी फक्की मारा."

दादा हसला. "तुजी भिंत वाचून कोन नोकरी देनार गो? माज्या बॉलला बघून तरी देतील."

हे मला लागलं. मी डबा खाटेखाली आणखी आत ढकलला. सकाळी लवकर जाऊन त्याने दोरी धरून चुन्याच्या फक्कीने रेघ मारली.

मी सकाळी भिंत रंगवली आणि दुपारी सामन्याला गेले. कंपाउंडच्या भिंतीवर कामगार लटकले होते. दादाच्या हातात बॉल आला की ओरडायचे, "ए खांबा, वाकू नको, तुटशील." दादा खेळता खेळता हसायचा. दहा जणांचे बूट त्या फक्कीवरून धावत होते. मध्यंतरापर्यंत तिचे नुसते पांढरे डाग उरले. माझं तिकडे लक्षही गेलं नाही.

शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागे होतो. दादाने लांबून बॉल टाकला. तो रिंगला न लागता आत गेला. तीन गुण म्हणजे आम्ही जिंकलो. कामगारांनी भिंतीवरून उड्या टाकल्या.

पंचाने दोन बोटं दाखवली.

"रेघेच्या बाहेर होतो, साहेब," दादा म्हणाला.

"कुठली रेघ? दाखव मला."

दादा खाली बघत राहिला. दाखवायला तिथे काही नव्हतं. बरोबरी झाली आणि पाच मिनिटं जादा मिळाली.

त्या पाच मिनिटांच्या शेवटी आम्ही एकाच गुणाने मागे होतो. दादाला बॉल मिळाला. समोर कोणी नव्हतं. आता कुठूनही टाकला असता तरी चाललं असतं, रेघेची गरजच नव्हती. टेबलावरचा माणूस सेकंद मोठ्याने मोजत होता. भिंतीवरून ओरडत होते, "टाक, टाक." आणि दादाने बॉल हातात धरून मान खाली घातली. तो पायापाशी रेघ शोधत होता. मी पाहिलं ते. शिट्टी झाली तेव्हा बॉल त्याच्या हातातच होता.

साहेब त्याच्याशी न बोलता गाडीत बसले. पुढच्या वेळी त्याला घरी बसवलं ते पुन्हा बोलावलंच नाही. आता तो तुर्भ्याला ट्रक भरतो. मी मोर्च्यांत साहेबांना, कारखान्याला, सरकारला शिव्या देते, आणि त्यातली एकही मागे घेणार नाही. माणसाची भाकरी बॉलला बांधणारे ते. पण डबा माझ्या खाटेखाली होता. अर्धा डबा. रेघेला त्यातला पाव लागला असता.

दादाने मला कधी बोल लावला नाही. एकदाच, दोन पावसाळ्यांनंतर, मी रंगवलेल्या त्या भिंतीजवळून आम्ही चाललो होतो. 'भूमिपुत्रांना कायम नोकरी द्या.' तो थांबला. एका अक्षरावरून अंगठा घासला आणि अंगठा उलटा करून पाहिला.

"चांगला रंग होता गो, बाय," म्हणाला. "अजून पुसला नाय."

आणि पाळी गाठायची म्हणून तो भराभर पुढे गेला.