सुभद्राबाईंनी लावून दिलेलं भांडण

पर्वत पाटियाच्या चौकामागच्या खानदेशी गल्लीत सुभद्राबाई आजाऱ्याला भेटायला आल्या, की दोनपैकी एक गोष्ट नक्की व्हायची. एक तर आजारी उठून बसायचा, नाहीतर त्याच्या घरातली चार गुपितं संध्याकाळपर्यंत नळावर पोचायची. बहुतेक वेळा दोन्ही व्हायचं, आणि त्याबद्दल कुणाची फारशी तक्रार नसे.

साठीला टेकलेली बाई. दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवून बोटांना कायम चमक लागलेली, त्यामुळे हात नाचवून बोलायला लागल्या की उगाच काही मोठं घडल्यासारखं वाटे. ‘आता कसं वाटतंय?’ हा प्रश्न त्यांनी कुणा आजाऱ्याला कधी विचारला नाही. त्याऐवजी, ‘तुझ्या साडूनं नवी मोटरसायकल घेतली म्हणे, बसता येत नाही अजून,’ असं काहीतरी सांगायचं, माणसाच्या तोंडावर जरा रंग आला की उठायचं.

गावाकडच्या भेटायच्या रीतीवर त्यांचा भारी राग. टेम्पो भरून माणसं येणार, खाटेभोवती कोंडाळं करणार, डोळ्यांना पदर लावणार, आणि एखादी आत्या शेवटी गळा काढणार. त्यांच्या नवऱ्याला, श्रीरंगला, नुसती कावीळ झाली होती. आत्यानं खाटेशेजारी हंबरडा फोडला, त्या दुपारपासून त्यानं पेज सोडली. पुढचं त्या सांगत नसत. एवढंच म्हणत, “आंगले कान ऱ्हातस, बाई. ते समदं ऐकस.” शरीराला कान असतात यावर त्यांचा जितका विश्वास, तितका औषधाच्या बाटलीवर नव्हता.

शहाण्णव सालच्या माघात शेजारच्या हिलालचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. हिलाल लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कारागीर. सूत गुंडाळलेले जड बीम उचलून उचलून पोटानं हार मानली, पण माणूस मोठा खंबीर. दोन वर्षांपूर्वी प्लेगच्या धास्तीनं अर्धी गल्ली मिळेल त्या गाडीच्या टपावर बसून गावी पळाली, तेव्हा हा एकटा मागे राहून शेजाऱ्यांची कुलपं राखत होता. त्यामुळे आठव्या दिवशी टाके निघाले आणि तो भाकरी मागू लागला, याचं कुणाला नवल वाटलं नाही. तरी सुभद्राबाई त्याच्या दारातच टिकल्यांचं काम घेऊन बसत. येणाऱ्याचं तोंड आधी बघायचं; रडवं दिसलं तर तिथूनच चहा पाजून परत.

घात झाला तो एका मंगळवारी. तयार साड्या पोचवायला त्या शेठकडे गेल्या, आणि नेमका त्याच दुपारी चलथाणहून राघो आला.

राघो म्हणजे हिलालचा थोरला भाऊ, त्याचा ‘जिभाऊ’. साखर कारखान्यावर वॉचमन. दोघांत अकरा वर्षं बोलणं नव्हतं, आणि कारण काय, तर टोपी. राघोच्या थोरल्या मुलीच्या, मंदाच्या लग्नात मांडवात मानाच्या पाहुण्यांना रीतीप्रमाणे टोपी आणि टॉवेल दिला. हिलाल सख्खा चुलता. त्याच्या वाट्याला आला नुसता टॉवेल. ‘टोप्या संपल्या,’ असं कुणीतरी सांगितलं. हिलाल टॉवेल तिथेच टाकून उठला तो परत भावाच्या उंबऱ्यावर गेला नाही.

असा तो राघो आला, खाटेशेजारी बसला, पिशवीतून कोरी पांढरी टोपी काढली, निजलेल्या भावाच्या डोक्यावर घातली आणि पोटभर रडून निघून गेला. हिलालची बायको उषाबाई हे सांगताना आनंदानं डोळे पुसत होती.

सुभद्राबाईंनी आत डोकावून पाहिलं. हिलाल भिंतीकडे तोंड करून पडला होता. टोपी तशीच डोक्यावर.

त्या रात्री त्याने भाकरी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी दूध नको म्हणाला. आठवड्यात गालाची हाडं वर आली. डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं, म्हणाला, जखम सुकली, सगळं बरोबर आहे, यांना जेवायला सांगा. जेवायचं सांगून तो जेवता तर काय हवं होतं.

“हिलाल, तुला झालंय काय?” सुभद्राबाईंनी एकदा सरळच विचारलं.

“अक्का, तुम्हीसुद्धा लपवता,” तो हळू म्हणाला. “जिभाऊ मला ओळखतो, मी त्याला ओळखतो. मी वाचणार असतो तर तो आला असता? टोपी घातली असती? डॉक्टरनं त्याला सांगितलंय. मला कुणी सांगत नाही एवढंच.”

“अरे, माया आली म्हणून आला तो.”

“अकरा साल नाही आली ती माया, आताच आली का?”

समजूत घालावी तर त्याला वाटे, मरणाऱ्याची समजूत घालताहेत. गोड शिरा केला तर शेवटचं गोड. उषाबाईला म्हणाला, गावाकडे कळवून ठेव. सुभद्राबाईंना श्रीरंगची ती दुपार आठवली, आणि साठ वर्षांची ती बाई टिकल्यांचा डबा झाकून उठली.

पाटियावर वाटून घ्यायची शटल रिक्षा धरून त्या चलथाणला गेल्या. कारखान्याच्या फाटकावर राघो काठी टेकून उभा होता, उसाच्या गाड्यांची रांग लावत.

“राघो, तुझा भाऊ मरतोय,” त्या म्हणाल्या. “तू भेटलास म्हणून मरतोय. आता चल आणि त्याच्याशी भांड.”

राघोला हे समजायला दोन गाड्या आत जाव्या लागल्या. समजलं तेव्हा तो खाली बसला.

“अक्का, अकरा सालांनी भाऊ भेटला. परत तोडू म्हणता? आणि भांडूनही तो गेला, तर माझ्या तोंडचा शेवटचा शब्द तो राहील.”

सुभद्राबाई त्याच्याजवळ बसल्या. त्यांनाही ती भीती होतीच, पण ती त्यांनी तोंडावर येऊ दिली नाही. “गोड बोलून तर जातोच आहे. जगला तर परत जोडशील. टोपी तेवढी काढून आण.”

येताना रिक्षात त्यांनी त्याची तालीम घेतली. राघो ‘हरामखोरा’ म्हणायचा आणि रडायचा. तिसऱ्यांदा रडला तेव्हा शेजारी बसलेल्या माणसानं सुभद्राबाईंकडे असं पाहिलं, की त्या बोलून गेल्या, “नवरा नाही हो माझा.”

घरात शिरल्यावर तर राघो शिकवलेलं सगळं विसरला. पडलेल्या भावाला पाहून “हिलाल, माझ्या राजा…” अशी सुरुवात झाली. सुभद्राबाई दारातून मोठ्यानं खोकल्या. राघोनं ओठ चावला, उशाची टोपी उचलली आणि म्हणाला, “ही दे इकडे. तू काय मरत नाहीस. फुकट गेली माझी टोपी.”

हिलालनं डोळे उघडले.

इथपर्यंत शिकवलेलं होतं. पुढचं राघोच्या पोटातून आलं, आणि ते सुभद्राबाईंनाही ठाऊक नव्हतं. “आणि ऐक. टोप्या संपल्या नव्हत्या. पेटीत सात उरल्या होत्या. मीच तुला दिली नाही. आदल्या रात्री व्याह्यांच्या पंगतीत तू म्हणालास, वरण पातळ आहे.”

उषाबाईच्या हातातला तांब्या हातातच राहिला. आणि अकरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेला हिलाल कोपरावर उठला.

“पातळच व्हतं,” तो म्हणाला.

“चांगलं घट्ट वरण होतं.”

“वरण व्हतं का तापी? बट्टी बुडाली ती सापडली नाही.”

“तुझ्या बापानं खाल्लं होतं का असं वरण?”

“मना बाप तोच तुना बाप. त्यालाच इचार.” हिलाल आता सरळ बसला होता आणि त्याचे कान लाल झाले होते. “सात टोप्या ठेवून मला टॉवेल देतो? दे ती टोपी.”

“हवी तर वैशाखात धाकटीच्या, शीतलच्या लग्नाला ये. मांडवात देईन. पण स्वतःच्या पायांनी यायचं, खाटेवरून नाही.” एवढं बोलून राघो टोपी घेऊन बाहेर पडला, आणि सुभद्राबाईंच्या चुलीपाशी बसून हुंदके देत राहिला. त्यांनी त्याला चहा दिला आणि भिंतीला कान लावला. पलीकडून हिलालचा आवाज येत होता. “उषा, भाकरी टाक. मिरच्यांचा ठेचा कर. त्याच्या दारात उभं राहायला अंगात बळ पाहिजे.”

पुढचे दोन महिने हिलाल रागावर जेवला. सकाळी गल्लीत चालायचा, मग पाटियापर्यंत. मध्येच सुस्तावला तर सुभद्राबाई वाटेत गाठून सांगत, “राघो म्हणत होता, येत नाही तो, त्याच्यात दम नाही.” त्या दिवशी हिलाल एक भाकरी जास्त खाई. भांडण आपणच लावून दिलंय, ही टोपीची खरी गोष्ट बाईंनी प्रत्येकाला ‘कुणाला सांगू नका’ म्हणून सांगितली होती, त्यामुळे हिलाल सोडून सगळ्या गल्लीला ती माहीत होती, आणि गल्लीनं ती जपली.

वैशाखात हिलाल चलथाणच्या मांडवात शटलच्या थांब्यापासून पायी आला. राघोनं सगळ्यांदेखत टोपी त्याच्या हातात दिली. हिलालनं ती घालण्याआधी आतून पाहिली. कडेला बामाचा पिवळट डाग होता, त्याच्या स्वतःच्या कपाळाचा; म्हणजे भांडून नेलेली तीच टोपी राघोनं त्याच्यासाठी जपून ठेवली होती. तो डागाकडे बघत राहिला, मग राघोकडे, मग बायकांच्या बाजूला, जिथे सुभद्राबाई अगदी त्याच क्षणी कुणाच्या तरी बांगड्यांची चौकशी करू लागल्या होत्या. त्यानं टोपी घातली, नीट बसवली, आणि पंगतीला बसला.

वरण वाढायला राघो स्वतः आला. हिलालनं बट्टी कुस्करली, एक घास घेतला. आजूबाजूचे खायचे थांबले.

“घट्ट शे,” हिलाल म्हणाला, आणि पुन्हा वाढायला द्रोण पुढे केला. राघोनं इतक्या घाईनं वाढलं, की अर्धं वरण पत्रावळीवर सांडलं.

सुभद्राबाईंनी आपल्या द्रोणातलं चाखून पाहिलं. चांगलंच पातळ होतं. आयुष्यात ही एकच गोष्ट त्यांनी गल्लीत कुणालाही सांगितली नाही.