सोमवारचे सर

आमचे सोमवारचे सर आजारी माणसाच्या घरी गेले, की पिशवीतून बायबल काढायच्या आधी विचारायचे, "डॉक्टरांना दाखवलं का?" नाही म्हटलं, की बायबल पिशवीतच राहायचं. सर पुन्हा चपला घालत म्हणायचे, "चला, आधी दवाखाना. प्रार्थना रिक्षात करू." पाळकानं डोक्यावर हात ठेवला की ताप उतरतो, असं मानणाऱ्या काही घरांनी त्यामुळे सरांना अविश्वासू ठरवून टाकलं होतं. सर हसायचे. "ताप माझं ऐकत नाही हो. गोळीचं ऐकतो."

सर नगरच्या एका मोठ्या चर्चमधून निवृत्त झालेले पाळक, म्हणजे आम्हा ख्रिस्ती माणसांचे धर्मगुरू. कोपरगावकडच्या आमच्या खेड्यांतले पाळक मात्र रविवारी उपासना चालवतात आणि बाकीचे दिवस पोटासाठी साखर कारखान्यात, वीटभट्टीवर, नाहीतर टेम्पोवर असतात. त्यांनी धर्मशिक्षण घ्यायचं, तर कामधंदा सोडून शहरात वसतिगृहात राहायचं आणि इंग्रजी पुस्तकं वाचायची. कुणाला जमणार ते? मग चार वचनं पाठ आणि आवाज खणखणीत, एवढ्यावर माणूस पाळक व्हायचा. हा अन्याय आहे, असं मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. नुसता त्या पाळकांवर नव्हे, त्यांच्यापुढे मन उघडं करणाऱ्या प्रत्येकावर. सरांनी यावर भाषण केलं नाही. ते दर सोमवारी सकाळच्या एसटीनं आमच्या चर्चच्या ओसरीवर येऊ लागले. धडे मराठीत, फी नाही, बायकांनाही प्रवेश. त्या धड्यांची सोप्या भाषेतली पत्रकं मी करायचे. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकंच जास्त, त्यामुळे हे काम मला मनापासून आवडायचं. सरांची तक्रार एकच. "उद्गारचिन्हं कमी कर गं. वाचणारा बहिरा नाही."

"वायरमनला खांबावर चढवायच्या आधी शिकवतात," सर म्हणायचे. "तुम्ही तर माणसाच्या काळजात हात घालता. शिकल्याशिवाय कसे चढता?" आणि ते खरंच चढायला लावायचे. एकदा दुःखाच्या घरी कसं जायचं, हा धडा होता. सर डोक्यावर टॉवेल घेऊन भिंतीला टेकले आणि नवरा गेलेली बाई झाले. रूबेनदादाला त्यांनी पाळक म्हणून दारातून आत यायला सांगितलं. रूबेनदादा शिर्डीला झेंडूची फुलं पोचवणारा टेम्पोवाला. आवाज असा, की माइक बंद पडला तरी कुणाला कळू नये. तो आला आणि सुरूच झाला, "ताई, देवाची इच्छा..."

टॉवेलाखालून आवाज आला, "नवरा माझा गेलाय आणि तू देवाची वकिली करतोस व्हय? ऊठ. बाहेर जा. परत ये."

ओसरी हसून लोळली. रूबेनदादाला चार-पाच वेळा बाहेर जावं लागलं. शेवटी तो आला, काही न बोलता शेजारी बसला आणि त्यानं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. टॉवेल काढून सर म्हणाले, "आता आलास तू."

सगळ्यांत जास्त जीव त्यांचा रूबेनदादावरच होता. त्याची दीक्षा ठरली होती. सर स्वतः त्याच्या डोक्यावर हात ठेवणार, त्याला अधिकृत पाळक करणार, म्हणून त्याच्या बायकोनं नवी साडी आणून ठेवलेली. आणि त्याच आठवड्यात ते घडलं. चर्चच्या मंडळीतल्या एका बाईनं आपल्या घरातलं एक दुःख त्याला विश्वासानं सांगितलं होतं. शुक्रवारच्या प्रार्थनासभेत रूबेनदादानं तिचं नाव घेऊन, त्या दुःखासकट, मोठ्यानं प्रार्थना केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळे आमेन म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गल्लीला सगळं ठाऊक झालं, आणि ती बाई चर्चला यायची थांबली. दुःख काय होतं, ते मी इथे लिहिणार नाही.

सोमवारी सरांनी दीक्षा थांबवली. मंडळीचे पंच धावत आले. "सर, चोरी केली का त्यानं? प्रार्थनाच केली ना?"

"देवाला आधीच माहीत होतं," सर म्हणाले. "बातमी गल्लीला मिळाली."

रूबेनदादा लाल झाला होता. "मी रडलो हो तिच्यासाठी!"

"रड की. मनात रड."

"मग रविवारी सगळ्यांसमोर माफी मागतो."

"म्हणजे ज्यांनी ऐकलं नाही, त्यांनाही कळेल."

माझं डोकं तापलं होतं. पाळकांनी पाळायच्या नियमांवर एक जळजळीत पत्रक काढते, असं मी म्हणाले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. "नियमांवर काढ. जरूर काढ. पण ही गोष्ट त्यात घालू नकोस. नाव गाळलंस, तरी गल्ली ओळखेल." पत्रक निघालं. त्यात घटना नव्हती, आणि उद्गारचिन्हंही नव्हती.

रूबेनदादा एकटाच तिच्या दारी गेला. दार अर्धंच उघडलं. "ठीक हाय" म्हणून तिनं ते लावून घेतलं. ती आजही दुसऱ्या गावच्या चर्चला जाते. काही गोष्टी भरून येत नाहीत, हे सरांनी त्याला शिकवलं नाही. त्याचं त्यालाच कळलं. तो वर्ग सोडेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण पुढच्या सोमवारी तो पहिल्या धड्यापासून परत बसला, आणि वर्षभरानं सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले. नवी साडी तोवर घडीतच होती.

मागच्या हिवाळ्यात सर गेले. दफनविधीनंतर त्यांचा मुलगा म्हणाला, की आजार बरा होणारा नाही, हे त्यांना कितीतरी महिने आधी कळलं होतं. आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. शेवटच्या सोमवारपर्यंत ते वर्ग घेत होते, चहात साखर कमी म्हणून भांडत होते. सगळे हबकून एकमेकांकडे बघत होते. फक्त रूबेनदादा खाली मान घालून उभा होता.

बाहेर टेम्पोपाशी मी त्याला गाठलं. "दादा, तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. त्यांनीच सांगितलं हुतं."

"मग आम्हाला का नाही सांगितलं? आम्ही प्रार्थना केली असती."

"म्हनूनच न्हाई सांगितलं," तो म्हणाला. त्याला हसू आलं, आणि मग ते त्याला आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

तो शांत झाल्यावर मी हळूच विचारलं, "घाबरले होते का हो सर, शेवटी?"

त्यानं ताडपत्रीची दोरी ओढून गाठ मारली. मग इतक्या हळू आवाजात बोलला, की मला जवळ सरकावं लागलं.

"ते माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या, ताई."