गेटाबाहेरची भागधारक सभा

माझ्या वडिलांचा आवाज गिरणीच्या साचेखात्यात तयार झालेला. शेकडो मागांच्या खडखडाटात शेजारच्याकडे तंबाखू मागायला जेवढा आवाज लागतो, तेवढा. ते लालबागच्या आमच्या खोलीत कुजबुजले, की वडाळ्याच्या मिठागरातली माणसं माना वर करून बघत. थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच. मिठागरातून अजून कोणी ते खोटं म्हटलेलं नाही.

संपात ते रोज गिरणीच्या गेटवर द्वारसभेला उभे असत. संप मिटला असं त्यांना कोणी येऊन सांगितलं नाही, म्हणून त्यांचा मिटलाच नाही. गिरणी बंद पडली, चिमणी पाडली, तिथे चार मजल्यांचा मॉल उभा राहिला, तरी बाबांचं पालुपद एकच. "मी त्या गेटातून आत पाय ठेवचंय नाय."

आईचं अगदी उलट. उन्हाळ्यात आमच्या खोलीतला पंखा भट्टीची हवा फेकायचा. आई आणि मजल्यावरच्या चौघी मटाराच्या पिशव्या घेऊन दुपारी मॉलमध्ये जात आणि तळमजल्यावरच्या बाकांवर ऐसपैस बसून सोलत. "तुम्ही करा संप," ती बाबांना म्हणे, "माका एसी आसा."

अशा घरात मी त्या मॉलच्या कंपनीचे शेअर घ्यायचा विषय काढला. गिरणीकडून बाबांचे हक्काचे पैसे इतक्या वर्षांनी एकदाचे हातात पडले होते आणि बँकेत मुदतठेवीत झोपले होते. मी विमा कंपनीतला कारकून, शेअरबाजाराचं पान चहाबरोबर वाचणारा. मला वाटे, ज्या जमिनीवर बापाने घाम गाळला तिचं भाडं बापाला का मिळू नये.

"पैशे माझे आसत," बाबा म्हणाले. "आधी कंपनी नीट बघ. मगे बोलू."

मग मी बघितली. आणि कशी बघितली म्हणता, दलाल स्ट्रीटवरच्या पंडितांनी माझ्याकडे शिकवणी लावावी अशी. मॉलची कंपनी साड्या विकत नाही, चपला विकत नाही. ती गाळे भाड्याने देते. हिंदमाताच्या साडीच्या दुकानात गर्दी झाली की दुकानदार खूश, पण जागेच्या मालकाला भाडं वेळेवर आलं म्हणजे झालं. तेव्हा गाळे भरलेत किती, करार किती वर्षांचे आणि कंपनीच्या डोक्यावर कर्ज किती, हे बघायचं. मी चारही मजले पालथे घातले. खालचे तीन गजबजलेले. चौथ्यावर जिकडेतिकडे गाळ्यांपुढे रंगीत फळ्या, 'लवकरच आपल्या सेवेत'. त्यातल्या एका फळीवरच्या हसऱ्या पोरीचा चेहरा उडून पांढरा पडला होता, इतकी ती 'लवकरच' येत होती.

कंपनीचा वार्षिक अहवाल घरी यावा म्हणून दहा शेअर मी माझ्या पगारातून बाबांच्या नावावर घेतले. कुरकुरत का होईना, सही त्यांनी केली. अहवाल आला. मॉलमध्ये वर्षभरात आलेल्या माणसांचा आकडा त्यात इतका लांबलचक होता, की वाचताना मध्ये एकदा श्वास घ्यावा लागला. शेजारी पानभर फोटो, खाली ओळ: 'ग्राहकांचा अखंड ओघ'. फोटोच्या बरोबर मधोमध मांडी घालून आमची आई, मांडीवर मटाराची पिशवी.

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "हिका गिऱ्हाईक म्हणून मोजलानी?"

"मोजूंदेत," आई म्हणाली. "मी थयसून एक पिन घेतलंय तर सांगा. फोटो मात्र बरो इलो हां."

"ह्याचा उत्तर कंपनीकडून माका तोंडावर व्हया," बाबा म्हणाले. "खरा सांगतले तर पैशे देईन. नायतर बँकेत आसत थय रवांदे."

कंपनीच्या भागधारकांची वार्षिक सभा भरली ती नेमकी मॉलमधल्याच सिनेमागृहात. बाबा धुवट सदरा घालून माझ्याबरोबर निघाले आणि गेटाशी येऊन थांबले ते थांबलेच. गिरगाव-दादरचे पेन्शनर भागधारक आत चालले होते. हे लोक सभेइतकेच तिथल्या खाऊच्या पाकिटासाठीही येतात. बाबांनी घसा साफ केला. तेवढ्यानेच पंधरा जण थबकले.

द्वारसभेत बाबा मालवणी सोडून भाषणाची मराठी बोलत. तीच निघाली. "भागधारक बंधूंनो, दोन मिनिटं इथेच थांबा."

दोन मिनिटांत गेटाशी ही गर्दी. आतलं सिनेमागृह ओस पडलं आणि अध्यक्ष रिकाम्या खुर्च्यांना नमस्कार करत बसले, असं मी सगळीकडे सांगतो. कंपनीचे सेक्रेटरी टाय सावरत धावत आले, हे मात्र शंभर टक्के खरं.

"काका, आत या ना. एसीत बसून बोलू."

"एसीत माझी बायको बसते," बाबांनी अहवालातला फोटो उघडून धरला. "ही बघा. रोज येते, काही घेत नाही. अशा बायका वगळा आणि या सगळ्यांसमोर सांगा, चौथ्या मजल्यावर फळ्यांच्या मागे काय आहे?"

सेक्रेटरींनी गर्दीकडे बघितलं, मग बाबांकडे. "काही नाही, काका," ते म्हणाले. "रिकामं आहे. मोठा भाडेकरू सोडून गेला, नवा अजून मिळालेला नाही. खालचे तीन मजले भरलेत, त्यांचं भाडं चोख येतं. माणसांचं म्हणाल तर दारातलं यंत्र येईल त्याला मोजतं. घेतो कोण, बसतो कोण, ते त्याला कळत नाही."

एक गिरगावकर आजोबा म्हणाले, "इतकी वर्षं सभांना येतोय, असं सरळ उत्तर आत कधी मिळालं नव्हतं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाबांनी सेक्रेटरींना नमस्कार केला, सभा संपल्याचं जाहीर केलं आणि घरच्या रस्त्याला लागले. मी ताठ मानेने मागून. त्या दिवशी माझी छाती इतकी फुगली होती, की फुटपाथवरच्या फेरीवाल्यांनी आपण होऊन टोपल्या मागे ओढल्या.

परळच्या नाक्यावर बाबा थांबले. मग म्हणाले, "माणूस खरा बोललो. चार मजल्यांतले तीन भरलेले. तीन वाटे पैशे घाल शेअरात, एक वाटो बँकेत रवांदे. चौथो मजलो भरलो की माका सांग."

पुढच्या वर्षीच्या अहवालात रिकाम्या गाळ्यांचा आकडा वेगळ्या ओळीत, ठळक छापून आला. सरकारचा नियम बदलला असेल, असं आमच्या ऑफिसातला एक जण म्हणतो. लालबागमध्ये येऊन म्हणून दाखव म्हणावं त्याला.