बंद दारातून ऐकू येईल असं

"थांबा, एकदा पाहू द्या."

हार कागदात बांधून झाला, वरून दोरा गुंडाळून झाला, गिऱ्हाईक गाडीला किक मारतंय, आणि आमचे फुलवाले भाऊ पुडा परत मागून घेताहेत. पुडा सोडायचा, हाराची गाठ दोन बोटांनी ओढून पाहायची, मग पुन्हा बांधायचा. अकोल्यात माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या टपरीला लागून आहे. सतरा वर्षं हा प्रकार मी दिवसातून चाळीस वेळा पाहिला. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येणारा. तो भाऊंपुढे काहीच नाही, माझ्यावर विश्वास ठेवा.

एकदा लग्नाचे दोन हार देऊन झाल्यावर ते टपरी माझ्यावर सोडून गायब झाले. दीड तासानं आले. कुठे गेला होता म्हणून विचारलं, तर मंगल कार्यालयात. शेवटचं मंगलाष्टक संपेपर्यंत ते मागच्या खांबाआड उभे होते, हार गळ्यात पडताना तुटतो की काय म्हणून. कोणीतरी वऱ्हाडी समजून त्यांना जेवायला बसवत होतं, ते हात सोडवून पळून आले. मी चिडलो. तेवढ्या वेळात मला सात जणांना गजरे विकावे लागले होते आणि मला मोगरा आणि कुंदा यांतला फरक आजही कळत नाही.

बाळापूरकडे त्यांचं दोन एकराचं रान होतं. त्यांचा सख्खा भाऊ आणि भावजय तिथे झेंडू, शेवंती, गुलाब काढायचे आणि हे इथे विकायचे. बायको मुलगी दहावीत असतानाच वारली. मुलगी हुशार निघाली, शिकली, पुण्याला नोकरीला लागली. एका दिवाळीला घरी आली आणि परत गेलीच नाही. तिकडे काय झालं ते तिनं सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही. खोलीचं दार लावून बसायची. ताट दाराशी ठेवलं तर अर्धं खायची. भाऊंनी तिला डॉक्टरकडे नेलं, गोळ्या चालू झाल्या. डॉक्टर म्हणाले, एकटं सोडू नका आणि सारखं डोक्यावरही बसू नका. आता ह्या माणसाला दुसरी गोष्ट कशी जमणार?

एक दिवस दुपारी ते दुकानात आले आणि मोबाइल माझ्या कानाला लावला. आत नुसती खरखर होती आणि तिच्यामागे कुठेतरी खोल काहीतरी वाजत होतं. घंटा म्हणावी तर घंटा नाही, जलतरंग म्हणावं तर तेही नाही. त्यांनी ते मुलीच्या बंद दाराला मोबाइल लावून भरून आणलं होतं.

"दादा, काय वाजते हे? पोरगी दिवसभर हेच लावून ठेवते. वाजून राहिलं तवर मले बरं वाटते. बंद झालं का माह्या छातीत धडधड होते." मग काउंटरच्या कडेला नख घासत म्हणाले, "पोरगी जिवाचं काई करून घेईन का, दादा?"

मी कॉम्प्युटरवर शोधत बसलो. तासाभरानं सापडलं, त्याला हँडपॅन म्हणतात. पोलादाच्या दोन पराती तोंडाला तोंड लावून चिकटवल्यासारखं दिसतं. वरच्या परातीवर मधोमध एक टेंगूळ आणि भोवती आठ खळगे, प्रत्येक खळग्याचा एक सूर. मांडीवर घ्यायचं आणि बोटांनी वाजवायचं. भाऊ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, हे आपल्याकडे कुठे भेटीन?

अमरावतीत एक तरुण ते विकतो असं कळलं. आम्ही एका रविवारी बसनं गेलो. टपरी बंद ठेवून भाऊ कुठे गेल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. पोराकडे तीन नग होते. तो म्हणाला, याचे सूर ठोकून एकदाच बसवलेले असतात, सतारीसारखे बदलता येत नाहीत, त्यामुळे आधीच नीट ठरवा, गंभीर पाहिजे की आनंदी. झालं. भाऊंची पाचावर धारण बसली. गंभीर नेलं आणि पोरगी आणखी खचली तर? आनंदी नेलं आणि तिला वाटलं बाप थट्टा करतोय, तर?

मग त्यांनी असं काही सांगितलं की तो विक्रेता माझ्याकडे बघायला लागला. म्हणाले, तुम्ही आत बसा, दार लावा आणि वाजवा, मी बाहेर उभा राहतो. आणि खरंच ते जिन्यात जाऊन दाराला कान लावून उभे राहिले. तिन्ही वाद्यं दोन-दोनदा वाजवायला लावली. शेजारची बाई कपडे वाळवता वाळवता थांबून हे सगळं पाहत होती. पहिलं सगळ्यात सुरेख होतं, मला तर तेच घ्यावंसं वाटलं. भाऊ डोळे पुसत आत आले आणि म्हणाले, हे नको, ह्यानं मलेच रडू आलं. दुसरं दारातून टणटण येत होतं. तिसरं घेतलं. ते ना हसत होतं, ना रडत. दार लावलं तरी त्याचा प्रत्येक सूर बाहेर नीट पोचत होता.

परतीच्या बसमध्ये ती पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही. मूर्तिजापूरला चढलेल्या एका आजीनं विचारलं, कुकर घेतला का भाऊ? ते हो म्हणाले. समजावत बसलं असतं तर तिनं हात लावून पाहिलं असतं.

मुलीनं वाद्याला हातही लावला नाही. दाराशी ठेवलं, ते तिथेच राहिलं. चौथ्या दिवशी भाऊ ते वाद्य घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, मले शिकवा. मला काय येतं डोंबल? पण दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा आम्ही कॉम्प्युटरवर पाहून शिकायला लागलो. त्यांच्या बोटांना सुई-दोऱ्याची सवय. ते खळग्यावर बोट दाबून धरायचे आणि सूर जागीच मरायचा. विक्रेत्यानं सांगितलं होतं, तव्याचा चटका बसल्यासारखं बोट लगेच उचला. ते जमायला महिना गेला. शेवटी पाच सुरांची एक ओळ बसली. रोज संध्याकाळी सात वाजता टपरी बंद करून ते घरी जायचे, दाराशी फरशीवर बसायचे आणि ती ओळ वाजवायचे. आतून काही नाही. पुन्हा वाजवायचे. मी एकदा गेलो होतो. तिसऱ्या खेपेला मीच उठून बाहेर आलो, खोटं कशाला सांगू.

मग मे महिना लागला. अकोल्याचा मे तुम्हाला सांगायला नको. विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, उन्हापासून जपा, फार तापलं तर सूर बिघडतील. एवढं ऐकणं पुरे होतं. फुलवाल्याच्या घरी उन्हापासून जपायची एकच रीत. भाऊंनी हँडपॅनला ओल्या गोणपाटात गुंडाळलं, वरून पाणी शिंपडलं आणि कूलरच्या पुढ्यात ठेवून दिलं, गुलाब ठेवतात तसं. दर दोन तासांनी गोणपाट सुकलं का ते पाहत होते आणि पुन्हा भिजवत होते. असं दोन दिवस चाललं.

तिसऱ्या दिवशी मी दुकान उघडायच्या आधीच ते पायरीवर बसलेले होते. तोंड उतरलेलं. वाद्यावर तांबडा गंज फुटला होता, अंगावर पुरळ यावं तसा. मी त्यांना नको नको ते बोललो. पोलाद ओल्यात ठेवतं का कोणी, एवढी चौकशी करता तर हे नाही का विचारता आलं? ते म्हणाले, पोरीले समजलं तर कसं व्हईन? मला नंतर स्वतःची लाज वाटली. आजही वाटते.

घरी जाऊन त्यांनी मोरीतली तारेची घासणी उचलली आणि ओसरीत बसून गंज घासायला लागले. पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं, त्या आठवड्यात निदान अकरा वेळा. खरखर आवाज आत गेला असणार. कडी वाजली, दार उघडलं आणि मुलगी बाहेर आली. म्हणाली, "बाबा, घासणीनं काय घासता? अक्कल आहे का?" त्यांच्या हातातून वाद्य ओढून घेतलं. कापूस मागितला, तेल मागितलं, आणि दुपारभर पंख्याखाली बसून एकेक ठिपका पुसत राहिली.

"रागावली माह्यावर, दादा," भाऊ टपरीत येऊन सांगत होते. "चांगली रागावली." हार घ्यायला आलेल्या दोन अनोळखी गिऱ्हाइकांनाही त्यांनी हे सांगितलं.

गंज गेला, पण एक सूर कायमचा बसका झाला. मुलीनं तो तसाच ठेवला आणि वाजवायला लागली. लगेच सगळं बरं झालं असं समजू नका. गोळ्या चालूच होत्या, मधूनमधून दार पुन्हा बंद व्हायचं, भाऊ पुन्हा माझं डोकं खायचे. पण वर्ष-सव्वा वर्षात ती सावरली. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेतल्या एका कापडाच्या कारखान्यात तिला ऑफिसची नोकरी लागली. अमरावतीत दोन मुलींबरोबर खोली घेतली आणि हँडपॅन घेऊन गेली.

भाऊंचा जीव पुन्हा टांगणीला. दिवसातून दहा फोन. जेवली का, झोपली का, दाराला आतून कडी लावते का. कडी लावली तरी काळजी, नाही लावली तरी काळजी. शेवटी मुलीनंच तोडगा काढला. म्हणाली, बाबा, दिवसभर फोन करू नका, मी रोज सात वाजता फोन करून वाजवीन, वाजलं म्हणजे मी बरी आहे, बोलायचं काही नाही.

तेव्हापासून सात वाजता टपरीवर कारभार थांबायचा. मोबाइल शेवंतीच्या ढिगावर, आवाज मोठा. गिऱ्हाईक बोललं की भाऊ हातानं गप्प करायचे. त्यातही त्यांना शंका, पोरगी आधी भरून ठेवलेलं तर लावत नसेल? मग ते तिला मध्येच सांगायचे, आता तो बसका सूर दोनदा वाजव. ती वाजवायची. मगच ते थांबलेल्या गिऱ्हाइकाच्या पुड्याचा दोरा तोडायचे.

मागच्या मार्गशीर्षातला गुरुवार होता. फुलांना मरणाची गर्दी. साडेपाचला भाऊ वेणीची टोपली उचलायला वाकले आणि तसेच खाली बसले. मी आणि एका रिक्षावाल्यानं त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, आणायच्या आधीच गेले. मी त्यांच्या भावाला बाळापूरला फोन केला. ते म्हणाले, पोरीला फोनवर सांगू नका, मी गाडी करून अमरावतीला जातो, तब्येत बरी नाही म्हणून घेऊन येतो. मलाही ते पटलं. एवढ्या कष्टानं उभी राहिलेली मुलगी, खोलीत एकटी असताना तिला असं ऐकवायचं?

भाऊंचा मोबाइल माझ्या खिशात होता. सात वाजता तो वाजला.

न उचलावा तर ती घाबरेल. उचलावा तर काय बोलू? मी उचलला आणि कानाला लावून दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा राहिलो. तिकडून वाजवणं सुरू झालं. बापानं दाराबाहेर वाजवायची ती पाच सुरांची ओळ, पण किती मोकळी, किती सहज. मी तोंडावर हात दाबून धरला. वाजवणं संपलं. एरवी ती लगेच फोन ठेवायची. आज ठेवला नाही.

"काका, तुमीच आहात नं?" ती म्हणाली. "मागं बजार ऐकू नाही येत."

बाळापूरहून गाडी निघाली होती, तिला पोचायला अजून दोन तास तरी लागणार होते. तब्येत जरा बरी नाही, एवढंच म्हणायचं होतं. तेवढंही जमलं नाही.

पलीकडे तिनं वाद्य बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

"घाबरू नका, काका," ती म्हणाली. "मी भिंतीला टेकून बसली आहे. सांगा."

मी सांगितलं.