डब्यावरचं नाव

काय चोरीला गेलं हे सांगायला फिर्यादीच तयार नाही, असं प्रकरण माझ्या उभ्या नोकरीत एकदाच आलं. निवृत्तीनंतर मोठमोठे तपास पुसट झाले, आरोपींचे चेहरे एकमेकांत मिसळले. ही एक साधी चौकशी मात्र मी विसरू शकलो नाही. कोणाचंही नाव न घेता ती सांगतो.

कोरोनाची पहिली टाळेबंदी होती. माझं पोलीस ठाणं नाशिकात, अंबडच्या कारखान्यांना लागून. एरवी शिफ्ट सुटली की रस्ता ओलांडता यायचा नाही, आता तिथे कुत्री आडवी झोपायची. निम्मी माणसं नाकाबंदीवर, उरलेली ठाण्यात वाफ घेत बसलेली. बंद जाहीर व्हायच्या आधी किराणा दुकानांवर लोकांची जी झुंबड उडाली होती ती आम्हीच आवरली होती. ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांनी डिक्या भरून नेल्या. हातावर पोट असलेली माणसं नंतर पिशवी घेऊन आली आणि रिकाम्या फळ्या बघून परत गेली.

अशातच एका सकाळी पन्नाशीच्या आतले एक गृहस्थ ठाण्यात आले. एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागात अधिकारी, जवळच स्वतःचा बंगला. तोंडावर दोन मास्क, हातात मोजे. म्हणाले, "माझ्याकडे चोरी झालीय. चोर कोण तेही मला माहीत आहे. आमचा वॉचमन."

माझे ठाणे अंमलदार जुने हवालदार होते, जिभेने तिखट. त्यांनी कागद पुढे ओढला. "काय काय गेलं साहेब?"

"घरगुती सामान."

"म्हणजे?"

"म्हणजे आपलं... पीठ, तेल, डाळ वगैरे."

"तेल किती?"

"असेल थोडंसं."

"थोडंसं म्हणजे वाटीभर की डबाभर?"

गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मालाची यादी दिल्याशिवाय गुन्हा दाखल करता येणार नाही. काय होतं, त्यातलं काय गेलं, सगळं लिहावं लागतं." ते म्हणाले, आत्ता नक्की आठवत नाही. शेवटी नुसता तक्रार अर्ज घेतला आणि जागेची पाहणी करायला बंगल्यावर गेलो.

गाडी बाहेर उन्हात उभी होती. गॅरेजचं शटर वर केलं आणि अर्जात यादी का नव्हती ते कळलं. आत दुकान होतं म्हणा ना! पिठाच्या गोण्या, तेलाचे डबे, साखर, चहा, साबण, काडेपेट्या, कापराच्या पिशव्या. एका भिंतीला टॉयलेट पेपरची छताला टेकेल अशी थप्पी. तो घरात कोणी वापरत नव्हतं. परदेशात लोक त्यासाठी भांडताना टीव्हीवर दिसले म्हणून ह्यांनी घेऊन ठेवला. हवालदार माझ्या कानाशी पुटपुटले, "सर, दुकानाचा परवाना विचारू का?"

मी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. हसायला मलाही येत होतं, पण गृहस्थांकडे बघून हसू जिरलं. ते वाईट नव्हते, घाबरलेले होते. घाबरलेला माणूस हिशेबात पक्का असला तरी त्याला पुरेसं म्हणजे किती ते समजत नाही. म्हणाले, "मुलगी लहान आहे, आईचं वय झालंय. मला झोप लागत नाही हो." मग हळूच पुढे म्हणाले, "आईला यातलं काही कळू देऊ नका. तिला बीपी आहे. वॉचमन गावी गेलाय असंच मी तिला सांगितलंय."

कुलूप शाबूत होतं. शटरला ओरखडा नव्हता. म्हणजे काम किल्लीने झालं होतं, आणि किल्ली घरात असायची. फाटकावरच्या कॅमेऱ्यात मात्र भर दुपारी वॉचमन सायकलला गोणी बांधून बाहेर पडताना स्पष्ट दिसत होता. एकदा नाही, बऱ्याच वेळा. तेव्हा हे गृहस्थ वरच्या खोलीत दार लावून कंपनीच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये असायचे.

वॉचमनला ठाण्यात बोलावलं. दिंडोरीकडचा माणूस, चाळिशीचा, शिडशिडीत. द्राक्षबागेतली छाटणीची कामं सोडून शहरात आलेला, कारखान्यांमागच्या चाळीत बायकोबरोबर राहायचा. मी त्याला फूटेज दाखवलं.

"हा तूच ना?"

"म्याच हाय साहेब."

"गोणीत काय होतं?"

"पीठ, तेल, डाळ."

"म्हणजे चोरी केलीस."

"चोरी नाय केली. नेलं."

"मग दिलं कोणी?"

तो खाली बघत राहिला. "ते नाय सांगता येत."

मी दरडावून बघितलं, समजावून बघितलं. चहा दिला, तो घेतला. घरच्यांबद्दल विचारलं, त्याची उत्तरं नीट दिली. त्या एका प्रश्नापाशी आलो की पुन्हा तेच. शेवटी मी त्याला स्पष्ट सांगितलं, "यादी आली की गुन्हा दाखल होईल. अटक होईल. सध्या कोठडीत माणूस ठेवणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. सुटलास तरी वॉचमन म्हणून पुन्हा कोण ठेवेल तुला?"

"ठावं हाय साहेब," तो म्हणाला आणि हात गुडघ्यांवर ठेवून बाकावर बसून राहिला.

चोर खोटं बोलतो. भरपूर बोलतो. आळ दुसऱ्यावर ढकलतो, आईची शपथ घेतो. हा माणूस स्वतःविरुद्धचं सगळं कबूल करत होता आणि सुटायचा एकच रस्ता स्वतःच्या हाताने बंद करत होता. पण नुसत्या वाटण्यावर तपास चालत नाही. दरम्यान गृहस्थांनी कोणाकोणाला फोन लावले असावेत, कारण संध्याकाळपर्यंत अटक दाखवा असे निरोप मला वरून यायला लागले होते.

दुपारी चाळीजवळच्या किराणावाल्याचा फोन आला. आमचा जुना खबऱ्या. "साहेब, एक गोष्ट विचित्र वाटतेय. चाळीतल्या बायका आधी रोज पीठ आलं का विचारायला यायच्या. आता कोणी फिरकत नाही. माझ्याकडे तर अजून माल नाही. पण संध्याकाळी खोल्याखोल्यांतून फोडणीचा वास येतो. मग हे शिजवतात काय?"

मी हवालदारांना आणि एका महिला शिपायाला घेऊन चाळीत गेलो. ती बिहारपासून बागलाणपर्यंतच्या कंत्राटी कामगारांची चाळ होती. पगार थांबलेला, गावी जायला गाडी नाही. आम्हाला बघून दारं लागली. पहिल्याच खोलीबाहेर एक बाई नळावर भांडी घासत होती. सटाण्याकडची होती, बोलण्यावरून कळलं. तिच्या पुढ्यात पोळीच्या पिठाचा असतो तसला मोठा स्टीलचा डबा, चकचकीत.

"डबा कोणाचा?"

"आमनाच शे," ती म्हणाली. आमचाच आहे.

मी डबा उचलून उन्हात धरला. आपल्याकडे लग्नात स्टीलची भांडी देतात ती नाव घातल्याशिवाय देत नाहीत. भांडेवाला दुकानातच मशीनने टिंब टिंब करत कोरून देतो. या डब्यावर आमच्या तक्रारदाराचं आणि त्यांच्या पत्नीचं नाव होतं, खाली 'मामांकडून सप्रेम भेट'.

बाई ओशाळली, पण घाबरली नाही. महिला शिपायाने आणखी दोन-तीन खोल्यांत डोकावून बघितलं. तिथेही तसेच डबे. एकावर मावशीचं नाव, एकावर कोणा मित्रमंडळाचं. झाकणं घट्ट लावलेली, आत पीठ, कुठे तूरडाळ. अख्ख्या लग्नाचा आहेर चाळीत मांडला होता.

"चोरीचं नाय साहेब," बाई म्हणाली. "उसनं हाय. कामं सुरू झाली की फेडायचं हाय."

"कोणाचं उसनं?"

यावर तिनेही तोंड मिटलं. अख्खी चाळ मिटली.

मला मात्र जे कळायचं ते कळलं होतं. कॅमेऱ्यात दिसलेल्या गोणीत हे डबे होते. चोर माल आहे तसा उचलून नेतो. दुसऱ्याचं नाव कोरलेल्या डब्यात पीठ भरून, वर झाकण दाबून कोणी चोरी करत नाही. डबा आतल्या कोणीतरी काढून दिला होता. तोही असा, की तो परत यावा. हवालदार एवढंच म्हणाले, "सर, हे काम स्वयंपाकघरातलं आहे." तो घासलेला डबा ओळख पटवण्यासाठी घेऊन आम्ही बंगल्यावर गेलो.

गृहस्थांनी डबा बघितला आणि त्यांचा आवाज चढला. "हा माझाच डबा! आता तरी पटलं ना? करा अटक!"

तो आवाज ऐकून आतून त्यांची आई आली. नऊवारीतली, पाठीतून किंचित वाकलेली. गाव नांदगावकडचं. तिने मुलाकडे बघितलं नाही, माझ्या वर्दीकडेही नाही. थेट माझ्या हातातला डबा घेतला, झाकण उघडून आत बघितलं आणि म्हणाली, "अगं बया, रिकामाच आणला? उसन्याचा डबा रिकामा परत करत्यात व्हय?"

मी म्हटलं, "मावशी, हा तुम्ही दिला होता?"

"मग? डबे पाय लावून गेले का? माळ्यावर पडून होते लग्नापासून. सून म्हणली, काढा." दारातली सून लगबगीने आत वळली.

"आई, तू?" गृहस्थ खुर्चीत बसले. "मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं की! तू म्हणला, आई, तुला बाहेरचं काय कळत नाय. मला बाहेरचं दिसत होतं गच्चीतून. पोरं रडत होती चाळीत. आमच्याकडं दुष्काळ पडला तवा तुझ्या आज्यानं कणगी उघडली, अन् सगळ्यांना सांगितलं, उसनं न्या. फुकट दिलं की माणूस पडेल होतो. उसनं दिलं की ताठ उभा राहतो. अन् गॅरेजात जे भरलंय ते घरचं हाय म्हणतोस ना? मग घरात माझा वाटा नाय का?"

मी सांगितलं की सामान पोचवणारा वॉचमन सकाळपासून ठाण्यात बसून आहे. म्हातारीचा चेहरा उतरला. "तो तर गावी गेला म्हणला तू," ती मुलाला म्हणाली, आणि चपला शोधायला लागली. "मीच त्याला देवाची आण घातली होती, माझ्या पोराला कळू देऊ नको म्हणून. चला, मला घेऊन चला. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिवा."

त्यांची गाडी आमच्या जीपमागे निघाली. मी आधी पोचलो आणि वॉचमनला म्हणालो, "सुटलास. आजींनी सगळं सांगितलं."

त्याने माझ्याकडे शांतपणे बघितलं. "कोण आजी?"

पोलीस असाच डाव टाकतात हे त्याला कुठूनतरी माहीत होतं. हवालदार तोंड फिरवून हसले. तो बाकावरून हलला नाही, म्हातारीबद्दल एक शब्द त्याने काढला नाही. म्हातारी स्वतः पदर तोंडाला लावून दारात उभी राहिली तेव्हा कुठे तो उठला, आणि उठला तोही तिला बसायला जागा द्यायला.

मी त्याला सगळ्यांसमोरच विचारलं, "सकाळीच सांगितलं असतंस तर एवढा दिवस गेला नसता. नोकरी जाणार होती, अटक होणार होती. का नाही बोललास?"

तो म्हणाला, "साहेब, मला काय, हितं नाय तर तिथं, कुठं तरी वॉचमन लागंन. आजींचं नाव घेतलं असतं अन् घरात त्यांची किंमत गेली असती, तर या वयात त्यांनी दुसरं घर कुठं बघायचं?"

गृहस्थ दारातच उभे होते. त्यांनी दोन्ही मास्क खाली ओढले. ते कोरोनाच्या नियमात बसत नव्हतं, पण मी हटकलं नाही. ते वॉचमनसमोर येऊन म्हणाले, "माझं चुकलं." कारखान्यातल्या साहेबाला हे शब्द जड गेले असणार, तरी त्यांनी ते ठाण्यातल्या सगळ्या स्टाफसमोर उच्चारले, म्हणून त्यांच्याबद्दलही मला आदर आहे. गैरसमजातून अर्ज दिला असा त्यांनी जबाब लिहून दिला. त्याच आठवड्यात गॅरेजमधला माल किराणावाल्याकडे विक्रीला गेला. चाळीतलं उसनं तसंच राहिलं. ते फेडायचं कसं आणि कधी, ते म्हातारीने चाळीतल्या बायकांशी परस्पर ठरवलं. त्यात पोलिसांनी पडायचं कारण नव्हतं.

व्याख्यानाला बोलावतात तेव्हा तरुण अधिकारी मला विचारतात, आरोपीला बोलतं कसं करायचं. माझी सगळी नोकरी त्यातच गेली, त्यामुळे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. भीतीने गप्प बसणारा, पैशासाठी गप्प बसणारा, टोळीसाठी गप्प बसणारा, सगळे मी बोलते केले. कोणाचा कुठला धागा ओढायचा हे मला कळायचं, आणि त्याचा मला अभिमानही होता. त्या दिवशी एका वॉचमनकडे असा धागाच नव्हता. स्वतःसाठी त्याला काही वाचवायचं नव्हतं, एका म्हातारीची तिच्या घरातली जागा तेवढी राखायची होती. मी सगळे उपाय करून बघितले, आणि तो बोलला नाही, याचा मला आजही आनंद आहे.