बाटलीतला पेशंट

"हा पण पेशंटच हं ताई," असं म्हणत ते ती बाटली बाकीच्या रक्तांच्या रांगेत ठेवायचे. मुलुंडच्या त्या लॅबमध्ये मी काउंटरला, आणि ते काचेपलीकडे, मशीनवरचे टेक्निशियन.

बाटली कसली, ते सांगते. दर महिन्याला बाहेरून एक नमुना यायचा, सगळ्या लॅबना सारखाच. आपण तपासून आपला आकडा कळवायचा. बरोबर की चूक, ते मागाहून कळणार. म्हणजे लॅबचीच परीक्षा. आणि परीक्षा म्हटली की माणसं काय करतात, तुम्हाला मी काय सांगू. शेजारच्या लॅबला फोन, "तुझं किती आलं रे?"

ते मात्र कधी असा फोन करायचे नाहीत. करायचा नसतो, असं वर्गात शिकवलं होतं म्हणे. पन्नाशी उलटली तरी रविवारी घाटकोपरला टेक्निशियन लोकांच्या वर्गाला जायचे, डबा घेऊन. बायको म्हणायची, "नातवाच्या आधी आजोबांचंच दप्तर भरतेय मी."

एकदा असंच त्यांनी बाटली लावली, आकडा लिहिला. लॅबच्या मालकांनी, शेठनी, मात्र मित्राच्या लॅबमधून आकडा काढलाच होता. किडनीच्या तपासणीत तिकडचा आकडा आमच्या दुप्पट.

"त्यांचा लिही. आपलं नाव जाईल यार."

"आणि सकाळपासून रिपोर्ट घेऊन गेले ते, शेठ?"

"हळू बोल, बाहेर पेशंट बसलेत."

"त्यांचंच बोलतोय."

सकाळी नवं केमिकल लावून मशीन त्यांनीच जुळवलं होतं. आता जुनं केमिकल पुन्हा लावून सकाळचं एक रक्त परत तपासलं. दुप्पट. म्हणजे सकाळचे रिपोर्ट चुकलेले, किडनी खराब असली तरी नॉर्मल दाखवणारे.

ते रक्त एका मावशींचं होतं. रिपोर्ट नेताना मला सांगून गेल्या होत्या, "आता स्कॅन आहे गं, औषध टोचून. किडनी चांगली असली तरच देतात." मी त्यांच्या मुलाला फोन लावला. वाजून बंद. परत लावला. परत.

शेवटी उचलला. "ताई, आईला आत घेतायत. रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग नंतर बोलतो."

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. शेठ समोर उभे, मानेने नको नको करत.

"मी मशीनवरचा बोलतोय. चूक माझ्याकडून झालीय. आईंना ते औषध देऊ देऊ नका. आधी रक्त परत तपासा."

पलीकडून लांबून ऐकू आलं, "थांबा हो, थांबा. आई, उठ गं."

ते माझ्याच स्टुलावर बसले. मग सकाळच्या यादीतला पुढचा नंबर लावायला घेतला.

बाटलीचा आकडा त्यांनी आमचाच पाठवला, चुकलेला. बाटली पाठवणाऱ्यांकडून चुकल्याचा शेरा आला. महिन्याभरात काचेपलीकडे दुसरा माणूस दिसायला लागला. "ते गावी गेले," शेठ म्हणाले. त्यांचा जन्मच मुलुंडचा, कसलं आलंय गाव.

पुढे मावशी तपासणीला आल्या. बाही वर करता करता म्हणाल्या, "तेव्हा फोनवर बोलले ते कोणते गं?"

"ते आता इथे नसतात, मावशी."

त्यांनी काचेतून आत बघितलं, बराच वेळ. मग बाही हळूच खाली ओढली आणि पिशवी उचलली.