टिटवीची चार अंडी

मी निघाले त्या सकाळी भाड्याची गाडी धुऱ्यावर, शेताच्या बांधापाशी, उभी होती आणि बाबा वखर थांबवून वावरात वाकून बसले होते. मोर्शीजवळच्या आमच्या त्या वावरात टिटवीनं चार अंडी घातली होती. बाबांनी दरवर्षीसारखी शेजारी कपाशीची वाळकी पऱ्हाटी रोवली आणि तिला लाल चिंधी बांधली, म्हणजे बैल लांबूनच वळवता येतात. टिटवी डोक्यावर ओरडत होती, आई गाडीतून ओरडत होती, आणि मला विमानापेक्षा अंड्यांचीच धास्ती. बाबा म्हणाले, "तू जाय बिनघोर. मी पायतो त्यायले."

महिन्याभरानं बाबांनी फोनवर सांगितलं, चारही पिल्लं निघाली. कॅनडातल्या त्या पहिल्या बेसमेंटमध्ये मी त्या एका बातमीवर किती दिवस काढले, हे तुमच्यापैकी घर सोडून गेलेल्यांना सांगायला नको.

त्याला अकरा वर्षं झाली. आई गेली, वावर मक्त्यानं कसायला दिलं, बाबा अकोल्याला जठारपेठेत दादाकडे असतात. मी इथल्या सपाट, गवताळ मुलखात राहते आणि जूनमध्ये रविवारी पक्षी पाहणाऱ्या मंडळींबरोबर तळी धुंडाळते. विणीचे दिवस असतात. बदकं पिल्लांच्या रांगा घेऊन निघतात, मंडळी हौसेनं नोंदी करतात. माझं मात्र रांगेतल्या शेवटच्या पिल्लाकडे लक्ष. ते मागे पडलं की माझा जीव टांगणीला.

परवा सकाळी तळ्याकाठच्या खडीत इथली टिटवी सापडली. किलडिअर म्हणतात तिला. आपल्यापेक्षा लहान, पण अंडी तशीच, चार, ठिपक्यांची, उघड्यावर. गाड्या तिथेच वळतात. मी काही विचार न करता एक काठी रोवली, तिला माझा लाल रुमाल बांधला आणि मोठं काम केल्याच्या थाटात पुढच्या तळ्यावर गेले.

संध्याकाळी परतताना हे सहज सांगितलं, तर गाडी चालवणाऱ्या डोरीनबाईंचा चेहरा उतरला. अशी खूण कावळ्यांना लगेच कळते, त्या म्हणाल्या, आणि गाडी तळ्याकडे वळवली. मी बाबांना फोन लावला. तिकडे सकाळचा चहा चालला होता. सगळं सांगून विचारलं, "बाबा, आपल्या पऱ्हाटीपाशी कधी कावळा आलता का?"

बाबांनी कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आलता नं. तू गेली त्याच्या दुसऱ्याच दिशी. चारी अंडे नेले त्यानं."

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

"तू तिकडं एकटी. काय सांगू तुले, माय?"

मला राग आला. अकरा वर्षं मी ती पिल्लं मनात वाढवली होती, आणि ती कधी नव्हतीच.

तळं आलं. फोन कानाला तसाच धरून मी खडीत उतरले. काठी जागेवर होती, रुमालही. खळग्यात काही नव्हतं, कडेला टरफलाचा एक तुकडा पडला होता. टिटवी लांब पाण्याशी गप्प उभी होती.

आपलं घर नेमकं कुठलं, हे इकडे आलेले आम्ही एकमेकांना सारखे विचारतो. ज्या माणसाला वाईट बातमी द्यायला जीभ रेटत नाही तो जिथे बसलाय तेच घर, असं मला तिथे उभ्या उभ्या वाटलं. राग कुठे गेला कळलंही नाही.

"हायेत का वं अंडे?" बाबा विचारत होते.

"हायेत बाबा," मी म्हणाले. "चारी हायेत."